नायदेनचा धर्मबाप

नायदेन म्हणजे सापडलेला. आमच्या बाल्कनच्या डोंगरात हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं नवं बाळ पहाटे तिठ्यावर ठेवतात. घरचे कुंपणाआड लपतात आणि जो पहिला येऊन थांबेल तो बाळाचा धर्मबाप. एकदा रस्त्यात सापडलं की पोर त्या बाईचं राहत नाही. मरण तिच्या घरी शोधशोध शोधतं आणि हात हलवत परत जातं.

नायदेनच्या आईची, राडाची, तीन मुलं गेली, म्हणून चौथं तिठ्यावर ठेवलं. पहिली आली ती त्सेनोची गाढवी. पाठीवर पिठाचं पोतं होतं. तिने बाळाला हुंगलं आणि तिथेच जी उभी राहिली ती हलेचना. धनी मागे झुडपाआड लघवीला थांबला होता, तो विजार सावरत धावत आला.

"मीच पहिला! गाढव माझंच आहे!"

"तू दुसरा!" कुंपणाआडून सुईण स्तामेना ओरडली. "मुकाट्याने बाजूला हो!"

पाद्रीबाबांनी कपाळावर हात मारून घेतला. पण पोर जगलं, मग बोलणार कोण?

नायदेनने हे नातं जिवापाड सांभाळलं. मोठ्या उपवासाआधीच्या रविवारी सगळं गाव आपापल्या धर्मबापाकडे हलवा नेतं, हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागतं. नायदेन त्सेनोच्या गोठ्यात जाई आणि खूर उचलून त्याला ओठ टेकवी. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, हा न अडताच धरायचा! त्याच्या लग्नात गाढवी मानाच्या जागी उभी होती. तिने नवरीची फुलमाळ खाल्ली, पण लग्नात धर्मबापाला मानाची म्हणून देतात ती भाजलेली कोंबडी हुंगून सोडून दिली. त्सेनोने हळूच हात पुढे केला, तर म्हाताऱ्या स्तामेनाने त्यावर फाडकन चापट मारली.

धर्मबापाचा मान वंशाने चालतो. ती गाढवी गेल्यावर तिच्या लेकीकडे तो आला. गेल्या हिवाळ्यात तीही म्हातारी होऊन मेली आणि तिला पिल्लू नव्हतं.

बातमी कळताच नायदेन पांढराफटक पडला. मरणाला आता पत्ता मिळणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने लग्नातला सदरा घातला, हातात मेणबत्ती धरली आणि खाटेवर आडवा झाला. बायकोने, ग्रोझ्दाने, रडत रडत दुखवट्याला वाटायचे मयताचे गहू शिजवले. शेजारीपाजारी भिंतीकडेने बसले.

संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही.

"अहो, भूक लागली असेल तर थोडे गहू खा."

"स्वतःच्या मयताचं कुणी खातं का?"

दुसऱ्या दिवशी ग्रोझ्दाचा तोल सुटला. "मरायचं तर मरा एकदाचे, नाहीतर उठून लाकडं फोडा!"

"तिकडे त्सेनोचंही तेच," शेजारी म्हणाला. "कालपासून गोठ्यात बसलाय, गाढवीला हलवू देत नाही. एकटा जीव, ना बायको ना पोर."

"कोण कोण जाऊन आलं?" नायदेनने विचारलं.

"गाढवाच्या दुखवट्याला कोण जातं?"

नायदेन ताडकन उठून बसला. धर्मबापाच्या घरी मयत, आणि आपण इथे स्वतःचं मयत मांडून बसलोय! त्याला लाज वाटली, आणि भीती तर फारच. उघड्या रस्त्यावर मरण गाठणार हे त्याला ठाऊक होतं. तरी मेणबत्ती विझवून, गव्हाचं पातेलं काखेत मारून तो निघाला.

त्सेनो पेंढ्यावर बसला होता, गाढवीचं डोकं मांडीवर घेऊन. नायदेन गुडघ्यांवर बसला, त्याने म्हाताऱ्याचा हात उचलला आणि ओठांना लावला.

"क्षमा करा, धर्मबाबा. उशीर झाला."

त्सेनोच्या डोळ्यांना धार लागली. "मी दुसरा होतो रे."

"मागून का होईना, आला होतात ना."

दोघांनी मिळून पातेलं रिकामं केलं. नायदेनने खाता खाता दोनदा दाराकडे वळून पाहिलं. कुणीही आलं नाही.

"क्षमा केली, पोरा," शेवटी बाहीने नाक पुसत त्सेनो म्हणाला. मग जरा घुटमळून, "तुझ्या लग्नातली ती कोंबडी... ती तेवढी राहिलीये माझी."