जावयाचा जिताडा

पाण्यात गळ टाकून बसणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण पाण्यातल्या माशांना आग्रह करकरून पंगत वाढणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून दिला. माझी तक्रार नाही. करून उपयोग नाही, म्हणून नाही. आमच्या हिचे आईवडील ती लहान असतानाच गेले. मामांनी तिला वाढवलं, शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. पनवेलच्या एका शाळेत त्यांनी प्रयोगशाळा सहायक म्हणून जन्म घालवला. आता खांदा कॉलनीत आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. त्यामुळे रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे आमच्या गॅलरीत आधी कळतं, आणि मग कॉलनीतल्या यच्चयावत मांजरांना.

शिजत असतो तो माशांचा चारा. आपण गळाला कोळंबी लावून पाण्यात सोडतो ते झालं आमिष. चारा वेगळा. चारा म्हणजे मासे गळाच्या आसपास जमावेत म्हणून आधी पाण्यात टाकायचे गोळे. मामांची कृती अशी की, भाताचा कोंडा कढईत तांबूस होईस्तोवर परतायचा, त्यात रात्रभर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड कुस्करायची, मग सुकटीची पूड आणि शेवटी नदीकाठची चिकणमाती, म्हणजे गोळा तळाशी जाऊन सावकाश फुटतो. सगळं प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूवर मोजून. वर चिमूटभर जिभेवर ठेवून, डोळे मिटून, "मीठ कमी हाय" असा निर्णय. एकदा घरचा मिक्सर बिघडला म्हणून त्यांनी सुकट आमच्या मिक्सरमध्ये दळली. त्यानंतर महिनाभर आमच्या नारळाच्या चटणीला समुद्राची आठवण येत होती. ही भडकली तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "अगं, लोक हॉटेलात जाऊन याचे जास्त पैसे देतात."

मामांना हवा असतो जिताडा. आमच्या सासरच्या गावी पूर्वी भाताच्या शेताला लागून तळं होतं आणि तळ्यात जिताडे वाढवलेले असत. जावई घरी आला की तळ्यात जाळं टाकायचं आणि जिताड्याची तुकडी त्याच्या ताटात पडायची. पापलेट-सुरमई कुणालाही वाढा, जिताडा जावयाचा, अशी ती रीत. आता त्या तळ्यावर सात मजली इमारत उभी आहे आणि तिला 'लेक व्ह्यू' असं नाव आहे. राहता राहिली पाताळगंगा नदी. भरतीचं पाणी चढतं तिथवर, आपटा गावाकडे, जिताडा अजून येतो. पण जिताडा हा खानदानी शिकारी. कोंड्याला तो हुंगतसुद्धा नाही. "मग चारा कशाला?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "जावईबापू, जिताड्याला जेवायला बोलवायचं नसतं. तो ज्यांना जेवतो, त्यांना जेवायला बोलवायचं." कोंड्याला बोईटासारखे छोटे मासे येतात, कोळंबी येते आणि त्यांच्यामागून साहेब येतात.

आता हे सगळं माझ्याच गळ्यात का पडलं, ते सांगतो. दोष माझा आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा मामांच्या घरी गेलो. मामा आत चहा टाकत होते, ही शेजाऱ्यांकडे गेली होती आणि समोर टीपॉयवर ताटात दहा लाडू मांडून ठेवलेले. मी सांगलीकडचा माणूस. समोर लाडू ठेवलेला असताना तो न खाणं हा यजमानाचा अपमान, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. उचलला एक. दाताखाली कचकच आली, नाकात सुकट आली, पण म्हटलं, कोकणातला काहीतरी प्रकार असेल, माणसाने मन मोठं ठेवावं. डोळ्यांत पाणी आणून सगळा संपवला. मामा चहा घेऊन बाहेर आले, त्यांनी ताटातले गोळे मोजले आणि कप खाली ठेवून पुन्हा एकदा मोजले. "कसा होता?" त्यांनी विचारलं. "छान," मी म्हणालो, "पौष्टिक वाटला." मामांनी उरलेले नऊ गोळे झटकन उचलून डब्यात भरले.

आठ दिवसांत ही बातमी नात्यागोत्यात पसरली. ज्या घरात जावयाला जिताडा मिळायचा, त्या घरात जावयाला माशाचा चारा घातला! लग्नकार्यात बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मामांचा एक चुलतभाऊ तर त्यांना बघितलं की विचारायचा, "काय, जावयाला काय घातलंस? कोंडा की पेंड?" मी शंभरदा म्हटलं, मामा, विसरा आता. पण मामा विसरणारे नव्हेत. त्यांनी देवासमोर नारळ ठेवून सांगितलं, की स्वतःच्या गळाने जिताडा काढून जावयाच्या पानात वाढीन तेव्हाच जिताड्याला तोंड लावीन. पनवेलच्या बाजारात जिताडा मिळतो, घेऊन येऊ, असं हिने सुचवलं तर म्हणाले, "चारा घरचा होता ना? मग मासापण घरचाच हवा." पंचाईत मीच ओढवून घेतली होती आणि ती निस्तरेपर्यंत रविवारी मामांच्या मागे स्कूटरवर बसणं मला भाग होतं.

त्या स्कूटरस्वारीवर एक पुस्तक होईल. मामा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर गोळ्यांचा डबा, बगलेत दोन गळकाठ्या. एकदा पळस्प्याला ट्रॅफिक हवालदाराने अडवलं. डब्यात काय आहे म्हणाला. मामांनी अभिमानाने झाकण उघडलं. ऊन चांगलं तापलेलं, डबा बंद, आत सुकट. हवालदार दोन पावलं मागे सरकला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "जा काका, लवकर जा. मागच्या साहेबांना जरा वारा लागू दे." तेव्हापासून आमची स्कूटर दिसली की तो लांबूनच पुढे जायचा हात करतो.

आपट्याला काठावर पदूनाना भेटतात. नदीलगत त्यांचं भाताचं खाचर आहे. ते मामांच्या डाव्या हाताला चार पावलांवर बसतात, कधीही स्वतःचा चारा आणत नाहीत आणि कधीही रिकाम्या हाताने घरी जात नाहीत. कारण मामांचा चारा खरोखरच अप्रतिम आहे. पाच मिनिटांत पाण्यावर बोईटांची चुळबूळ सुरू होते, काठावरची पोरंटोरं आणि बगळे जमतात, आणि नानांच्या गळाला काही ना काही लागतं. दोनदा तर जिताडे लागले. मामांच्या गळाला मात्र अकरा वर्षांत एकही नाही. त्याचं कारण आख्ख्या आपट्याला ठाऊक होतं. मामांचा हात थांबत नाही. दोन गोळे टाकून गप्प बसायचं सोडून ते तिसरा टाकतात, चौथा टाकतात. "आलेत बिचारे, उपाशी कसे जातील?" घरीही त्यांचं तेच आहे. पाहुणा नको नको म्हणत पानावर आडवा हात धरतो आणि मामा त्या हातावरून भात वाढतात. दहाव्या गोळ्यापर्यंत बोईट तट्ट फुगून निघून जात आणि त्यांच्यामागे जिताडाही. जाता जाता तो नानांच्या कोळंबीची चव घ्यायचा. नाना गळ काढता काढता म्हणायचे, "मामा, पाव्हण्यांना तुमी जेववूनच उठवलंत. आता गळाला कोण लागंल? थोडी भूक ठेवा की!" शाळेत शुद्ध बोलणाऱ्या मामांचा हकार पाण्याजवळ गळून पडायचा. "नाना, आमी कुणाला अर्धपोटी ठेवला नाय," असं म्हणून ते अकरावा गोळा शोधायचे.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना, उतार, चिखल सगळं बंद केलं. मामा पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहायचे. एका संध्याकाळी मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं एक देणं राहिलं." मी थट्टेने म्हटलं, "मामा, तुमचा चारा अजून पचतोय, घाई नाही." ते हसले नाहीत. पाहुण्यांच्या हातावरून भात वाढणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच माफी मागितल्यासारखं काही बघितलं. मला ते अजिबात आवडलं नाही. रागच आला. दुसऱ्या रविवारी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली, प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि मामांना घेऊन आपट्याला गेलो.

खुर्ची बांधावर ठेवली. वर मामांच्या हाती गळकाठी, आणि खाली चिखलात, झुडपांच्या आड, दहा गोळ्यांची पिशवी घेऊन मी. मी पहिला टाकला, दुसरा टाकला. पाय पोटरीपर्यंत रुतले होते, कंबर दुखत होती. आणि खरं सांगतो, तेवढ्यात मला नानांचं ते 'थोडी भूक ठेवा की' आठवलं. वरून मामांना मी दिसत नव्हतो आणि त्यांना हल्ली ऐकूही कमी येतं.

"किती झाले?" मामा वरून ओरडले.

"चार!" मी ओरडलो.

थोड्या वेळाने पुन्हा, "किती?"

"आठ, मामा! पोटभर खातायत!"

उरलेले आठ गोळे मी हळूच खाली काठाशी बसलेल्या नानांच्या टोपलीमागे ठेवले. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि आपला गळ गुंडाळून बाहेर काढून ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बोईट आले, थोडं टिपून, आणखी मिळेल म्हणून तिथंच घोटाळत राहिले. अर्धा तास गेला असेल. आणि एकदम मामांची काठी कमानीसारखी वाकली. "लागला! लागला रं, नाना!" मामा खुर्चीसकट पुढे सरकायला लागले. मी धावत वर गेलो आणि मामांना कमरेला मिठी मारून धरलं. काठीला मात्र मी शिवलो नाही. पाण्यात चांदीसारखं काहीतरी उसळलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा उसळलं. शेवटी नानांनी पाण्यात उतरून जाळीचं झोळणं घातलं आणि चार किलोचा जिताडा मामांच्या पायाशी आणून ठेवला. मामांनी त्याला आधी हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? दहाच्या दहा गोळ्यांची कमाल!" नाना म्हणाले, "तर काय!" आणि टोपली गोळ्यांवर नीट सरकवून ठेवली.

त्या दुपारी मामांनी कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. कालवण त्यांनी केलं, तुकड्या त्यांनी तळल्या, तांदळाच्या भाकऱ्या तेवढ्या हिने थापल्या. त्या चुलतभावालाही मुद्दाम बोलावलं होतं. माझ्या पानाभोवती रांगोळी होती. मधली तुकडी मामांनी स्वतः वाढली. "कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी पहिली तुकडी साफ संपवली आणि मामांनी माझ्या आडव्या हातावरून दुसरी तुकडी वाढली.

त्यानंतरचे दोन-तीन रविवार विचित्र गेले. समोरच्या बिल्डिंगमधून कसला वास येईना. मांजरं येऊन बसायची आणि कंटाळून निघून जायची. मीही गॅलरीत उगाच उभा राहायचो. इतकी वर्षं ज्या वासाला शिव्या घातल्या, तोच नाही म्हणून मला चहा गोड लागेना. मामांचं काम संपलं होतं आणि काम संपलेला माणूस किती लहान दिसतो, ते मला रोज समोर दिसत होतं.

चौथ्या रविवारी सकाळी कोंडा परतल्याचा वास आला. मी चपला न घालताच खाली धावलो. मामा ओट्याशी खुर्ची घेऊन बसले होते, समोर तराजू.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"नातजावयासाठी," मामा म्हणाले.

"मामा, आमची छकुली अजून आठ वर्षांची आहे!"

"म्हणूनच. तुमच्या वेळेला मी उशीर केला, अकरा वर्षं वाट बघायला लागली तुम्हाला. त्याला वाट बघायला लावणार नाय. तो आला की त्याच रविवारी पानात जिताडा पडला पाहिजे. आतापासून हात बसवून ठेवतो. आणि या वेळी दहा नाही, वीस गोळे."

मी बोटांवर मोजायला लागलो. छकुली आठ, मामा चौऱ्याहत्तर, लग्नाला अजून वीसेक वर्षं तरी... आणि मध्येच मूठ मिटून घेतली. दोन गोळ्यांत जिताडा कसा लागतो, ते आता मला ठाऊक आहे. ते मी मामांना कधीच सांगणार नाही. मी बाही वर सारली, परातीत हात घातला आणि पेंड कुस्करायला लागलो. या वेळी वीसच्या वीस गोळे मी स्वतः पाण्यात टाकणार आहे, एकही कमी नाही.