नंबर वाढतो म्हणे

धाकट्या भावानं दहा वर्षांच्या लेकीचा चष्मा कपाटात घालून कुलूप लावलं होतं. "घातला की नंबर वाढतो," म्हणे. खरं कारण चहाच्या दुसऱ्या घोटाला बाहेर आलं. "ताई, पोरीची जात. आत्ताच चष्मेवाली म्हणून नाव पडलं तर पुढं कसं?"

माझं डोकं सणकलं. पोर फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणते, "लक्ष कुठं असतं?" म्हणून घरी मार खाते, आणि याला दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांची काळजी! त्याचं मुकुंदवाडीतलं घर मी दणाणून सोडलं. रागात मुद्दा सोडून भलतीकडं जायचं, हा माझा जुना गुण. तेव्हाही मधेच त्याच्या लग्नात मला मिळालेल्या बेंगरूळ साडीवर घसरले.

"आत्या, माझे डोळे खराब झालेत का?" आतल्या दाराआडून भाची म्हणाली.

मी गळ्यातली चाळिशी काढली. फोनवर एका शोकसंदेशाखाली जोडलेले हात समजून टाळ्यांचं चित्र टाकलं, तेव्हा कुठं ती घेतली होती मी. खोलीतले दिवे घालवले. भाऊ रागानं बाहेर उन्हात, उघड्या दारासमोर जाऊन उभा होता. दारासमोरच्या भिंतीपाशी मी काच धरली, हात मागंपुढं केला, आणि भिंतीवर दार उमटलं. दारातला भाऊही. डोकं खाली, पाय वर.

"आत्या, पप्पा उलटे!"

"आहेतच. डोळ्यातही असंच होतं. पुढं भिंग, मागं पडदा. चित्र उलटं पडतं, मेंदू त्याला सरळ समजून घेतो."

"पप्पांना पण?"

"तिथं मेंदूचाही इलाज नाय."

काच भिंतीपासून लांब नेली. पप्पा धुरकट झाले.

"तुझा डोळा जरासा लांबट वाढलाय. चित्र पडद्याच्या अलीकडंच पडतं. चष्मा त्याला मागं सरकवून पडद्यावर नेतो. तू वाढतेस, डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चप्पल घातल्यानं पाय वाढतो का?"

ती दाराकडं वळली. "पप्पा, मग मला मारलं कशाला?"

माझ्या एवढ्या आरडाओरड्यानं जे झालं नव्हतं, ते तिथं झालं. भाऊ आत आला, किल्ली शोधायला लागला, आणि ती सापडेना म्हणून माझ्यावरच खेकसला. शेवटी चष्मा तिच्या हातात देताना पुन्हा म्हणालाच, "पाहुणे आले की काढत जा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीनं चष्मा नाकावर चढवला.

"काढला तर कोण आलंय ते कसं कळणार, पप्पा?"