माठाखालची माती

दुष्काळाच्या त्या वर्षी, आमच्या नेवासे तालुक्यातल्या गावात, पाणी आणणं एवढंच माझं काम उरलं होतं. नवरा पाझर तलावाच्या कामावर मुकादम; सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. घरात सासूबाई, मी आणि त्यांची म्हातारी मांजर. गावातली विहीर आटलेली, म्हणून ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून हंडे आणावे लागत. दुपारपर्यंत मान अशी आखडायची की भाकरी थापताना खाली बघवत नसे.

त्यातच मांजर वेगळी वागायला लागली. भाकरीचा कुस्करा पुढे केला की हुंगून मागे सरायची. मात्र माठाखालची ओली माती चाटत बसायची, ढेकूळ दातांत धरून चावायची. चुलीतली राखही खायची. वाडग्यातलं पाणी संपवून पुन्हा ओरडत माठाशी यायची. अंगावरचे केस राठ झाले, पाठीचा कणा हाताला लागू लागला. तोंडाला उग्र घाण वास यायचा.

मी वैतागून सासूबाईंना म्हणाले, की मी एवढ्या लांबून पाणी आणते आणि ते हिच्या पोटात जातं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या तांब्यातलं अर्धं पाणी तिला ओतायला लागल्या. त्यांचे सुकलेले ओठ मला दिसायचे, पण मी हंडे उतरवून भिंतीला टेकायचे.

गुरांच्या छावणीवर डॉक्टर यायचे. मांजरीला टोपलीत घालून मी तिकडे नेलं आणि बैलांची रांग संपेपर्यंत उन्हात बसून राहिले. त्यांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"मूत्रपिंडं गेलीत हिची," ते म्हणाले. "पाणी अंगात थांबत नाही, म्हणून सारखी पिते. रक्त कमी झालंय, म्हणून माती खात असेल. औषध नाही यावर. पाणी मात्र तोडू नका."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"तुला लई तरास हाय पोरी, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पर ही माझ्यासंगं म्हातारी झाली. तिला तहानेली कशी ठिवू?"

मी हंडा उचलला आणि संध्याकाळी आणखी एक खेप केली. मग रोजच करू लागले. मांजरीच्या मायेनं केली असं म्हणवत नाही. सासूबाईंचा तांब्या अर्धा राहू नये, एवढंच मनात होतं.

पुढे पुढे तिनं पाणीही सोडलं. वाडग्यावर मान टाकून नुसती बसायची. एका सकाळी चुलीपाशी गार पडलेली सापडली. नवऱ्यानं कामावर जायच्या आधी पहारीनं लिंबाखाली खड्डा केला. जमीन इतकी टणक होती की त्यालाही घाम फुटला. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्यावर घातला आणि त्या आत निघून गेल्या.

त्या दिवशी मी विहिरीवर गेले नाही. होतं तेवढ्या पाण्यात भागवलं आणि आम्ही दोघी दुपारभर झोपलो.