मी तिला ओळखत नाही म्हणालो

आज मी जो काही आहे, तो वच्छलामावशीमुळे. अमरावतीच्या आमच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, मी एम.एस्सी. झालो. त्या पाच वर्षांत तापात मला पेज भरवणारी, परीक्षेला घाबरून गावाकडे निघालो तेव्हा बॅग हिसकावून परत फिरवणारी ती एकटी. लाजेपायी मी नेहमी अर्धीच भाकर मागायचो, मग पुन्हा अर्धीसाठी यायचो. म्हणून तिनं माझं नाव 'अर्ध्या' ठेवलं. या नावानं मला दुसरं कोणी हाक मारत नाही.

इथले लोकांचे गूढ अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो... आणि खरं सांगतो, हसायचो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोला, जठारपेठ, दुपारचे साडेचार. कॉलेजचं काम आटोपून देशमुख मॅडम, वानखडे सर आणि मी रसवंतीवर थांबलो होतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आणि दहा मिनिटांत सगळं अंधारून आलं. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग गारा. रसवंतीवाला यंत्रावर ताडपत्री टाकून शेजारच्या दुकानात पळाला. आम्ही तिघं त्याच्या पत्र्याच्या शेडखालीच राहिलो. मॅडमची गाडी तीसेक पावलांवर होती, पण गारांत जाणार कोण?

तेवढ्यात हाक आली.

"ए अर्ध्या! तिकडे काहून उभा हायेस? इकडे ये ना!"

रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर मावशी उभी होती. डोक्यावर पदर, हातानं बोलावत होती.

वानखडे सर अंगानं भारी. ते हसले. "आपल्यात अर्धा कोण हाये बाप्पा? मी तर दीड हाये!"

मॅडम म्हणाल्या, "सर, ती तुमच्याकडेच बघतेय. ओळखीची आहे का?"

इथे एक सांगायला हवं. मॅडमच्या घरी तीन पिढ्या वकील नाहीतर प्राध्यापक. नोकरीला लागलो तेव्हा मी कॉलेजात सांगून ठेवलं होतं की अमरावतीला डॉक्टर काकांकडे राहून शिकलो. मला कोणी डॉक्टर काका नाहीत.

"नाही हो," मी म्हणालो. "मी ओळखत नाही तिला. वेडी असेल कोणी."

ती पायरी उतरायला लागली. ती इथवर येईल, सगळ्यांदेखत माझं तोंड पदरानं पुसेल — तेवढीच भीती मला वाटली.

"चला, गाडीत बसू."

"अहो, गारा केवढ्या..."

"चला म्हणतो ना!"

बॅगा डोक्यावर धरून आम्ही पळालो. गाडीचं दार लावतोय तोच मागे कडाडकन आवाज झाला. कडुलिंबाची जाडजूड फांदी शेडवर पडली होती. आम्ही उभे होतो तिथला पत्रा जमिनीला टेकला होता.

"सर, तुमच्यामुळे वाचलो," मॅडम म्हणाल्या. वानखडे सरांनी माझा हात किती तरी वेळ सोडला नाही. मी त्यांना वाचवायला पळालो नव्हतो. मावशीपासून पळालो होतो.

पाऊस ओसरला तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. "ती बाई कुठं गेली हो?" वानखडे सरांनीच विचारलं. म्हणजे भास म्हणावा, तर तो तिघांना झाला.

मावशी आता चांदूर रेल्वेला मुलाकडे असते. त्याच संध्याकाळी फोन लावला. दोन वर्षांतला माझा पहिला फोन... सून म्हणाली, "आई दिवाळीत पडल्या ना हो, खुब्याचं हाड मोडलं. तवापासून खाटेवरच हायेत. थांबा, देते."

"कोण, अर्ध्या? जेवला का रे?"

मी हो म्हणालो, तब्येत विचारली आणि फोन ठेवून दिला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नसतं तर कळणारही नव्हतं.

पायरीवर कोण उभं होतं, हे मला आजही माहीत नाही. आठ दिवसांनी मी पत्र पाठवलं. मावशीला वाचता येत नाही, तिची नात पूनम वाचून दाखवते. ते पत्र असं होतं —

चि. पूनम,
हे आजीला मोठ्यानं वाचून दाखव. घरात सगळे असले तरी चालेल. आजीला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नको.

मावशी, तू खाटेवर हायेस हे मले माहीत हाये, तरी अकोल्यात वादळात तू मले दिसली. तू हाक मारली. संग कॉलेजातले लोक होते. त्याहीनं विचारलं, वळखीची हाये का? मी नाही म्हणलो. वेडी असन, म्हणलो. तू जवळ येशीन म्हणून पयालो, अन् त्याच्यानंच जीव वाचला. तू कोण हायेस ते आता त्या दोघाइले खरं सांगतलं. दोघंबी तुले भेटाले येतो म्हणते. आमी रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तुले माझं तोंड पाहाचं नसन तर त्याहीले आत घे. मी बाहेर ओसरीत बसीन.