आबा टाकीत उतरले त्याची गोष्ट

काटेवाडीच्या आमच्या गोठ्यामागं शेणामुताची टाकी आहे. जमिनीत बांधलेली, वर सिमेंटचं झाकण. उसाला तीच स्लरी जाते, म्हणून घरात देवघरापेक्षा तिचं कौतुक जास्त.

गेल्या हिवाळ्यात टाकीतला पंप तुंबला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, झाकण काढून लांब बांबूनं आतलं ढवळायला घेतलं. नासक्या अंड्यांचा असा भपकारा उठला, की मी ओढणीत नाक खुपसून शेवग्यापाशी पळाले. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "वास गेला. आता उतरतो."

शेवग्यापाशी मला तो चांगलाच येत होता. गेलं होतं ते आबांचं नाक. मी तसं म्हटलंही.

"शेणाला कोण भितंय व्हय?" म्हणत त्यांनी आत शिडी सोडली.

सासूबाईंना गॅसबिस ठाऊक नव्हता. त्यांचा फक्त आबांच्या गुडघ्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी म्हशीचा कासरा आणून आबांच्या काखेखालून आवळला.

"मी काय रेडा हाय व्हय?"

"रेडा ऐकतो तरी."

थोडं खाली उतरून आबा एकदम गप्प झाले. शिडीवरचे हात सुटले, मान लोंबली. गोठ्यात असलेला माझा नवरा "आबा!" ओरडत टाकीकडं धावला. सासूबाईंनी त्याला कॉलर धरून असं मागं खेचलं, की शर्टाची बटणं तुटली.

"तू आत पडलास तर तुला कोण काढंल? कासरा ओढ!"

तिघांनी ओढला. ओढताना मी सासऱ्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या माहेरीही कुणी ऐकल्या नसतील.

आबा वर आले ते धोतर शिडीला देऊन. त्यांना लांब, मोकळ्या हवेत नेलं. ओठ निळे पडले होते. मला वाटलं, संपलं. सासूबाई त्यांच्या गालावर चापट्या मारत होत्या, जरा जास्तच जोरात. आबा खोकले, तशा त्या रडायला लागल्या.

बारामतीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. शेजारच्या खाटेवाल्यांनी नाकाला रुमाल लावले. डॉक्टर म्हणाले, "ढवळलं की हा गॅस उसळतो. आधी नाक बधिर करतो, मग माणूस. काढायला उतरणाराही त्यातच जातो."

आबांनी मास्क बाजूला सारला. "न्याहारी केली न्हवती, म्हणून भोवळ आली."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी वेल्डर बोलावून टाकीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली. पंप आता साखळीनं वरूनच ओढतात. दोन दिवसांनी वालचंदनगरचे पाहुणे आले, त्यांना आबा म्हणाले, "लांबनं बघा. आत गॅस असतो. म्हणून तर मी जाळी बसवून घेतली."

सासूबाई पोहे परतत होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी आबांच्या ताटलीत दोन मिरच्या जास्त टाकल्या.