नूरजहां चाचीचा हलका हात

औंधच्या नूरजहां चाचीचा हात हलका, हे आसपासच्या पाच-सात गावांत कुणालाही विचारा. बाकीचे बांगड्या भरणारे मनगट असं काही आवळायचे की बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. चाची आधी हाताला तेल चोळायची, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून मऊ करायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि बोलता बोलता बांगडी अलगद मनगटात गेलेली असायची. धंदा शिकवताना सासूनं तिला एवढंच सांगितलं होतं, "दमानं गं, जपून. एक बांगडी पिचली तरी बाई आठ दिस झोपत न्हाई." पुढं नवरा गेला, चाचीचे स्वतःचे हात मोकळे झाले, तरी पाटी डोक्यावर घेऊन ती फिरत राहिली. दोन पोरी होत्या पदरात, घरी बसून काय खायचं होतं?

तोंडाचंही तसंच. पन्नास घरांत उठबस, पण या घरचं त्या घरी तिनं कधी नेलं नाही. म्हणून तर हिंदुरावांनी तिला गावाबाहेरच गाठलं.

पासष्ट साल, लढाईचे दिवस. हिंदुरावांचा एकुलता एक अर्जुना पलटणीत होता. घरी म्हातारा आणि सून चंद्रा, दोघंच. सासू कधीच गेलेली. चंद्राला सातवा लागला होता. आधी दोनदा पोट राहून गेलेलं, म्हणून या वेळी सगळं हातावर झेलल्यासारखं चाललं होतं. गुरुवारी हिरव्या बांगड्या भरायला ये, असा चाचीला आठ दिवस आधीच सांगावा गेला होता.

विहिरीपाशी हिंदुराव उभे होते. "चाची, सोमवारी तार आली. पोरगं गेलं माजं."

चाचीनं पाटी खाली ठेवली.

"सूनबाईला सांगितलं न्हाई. तिची आय उद्या लोणंदहून येतीया, मग सांगू. आज तू आली न्हाईस तर तिला शंका यील. लय बेतानं घे, चाची. एवढं बाळ तरी हाताला लागू दे."

खरं सांगायचं तर चाचीला राग आला. ज्या घरात मरण झालंय तिथं चुडा भरायचा, हे काय माणसानं माणसाला सांगायचं काम आहे? पण तीन दिवस हा माणूस त्या पोरीसमोर बसून जेवला असेल, हे मनात आलं आणि तिनं पाटी उचलली.

चंद्रा वाटच बघत होती. हात पुढं करून म्हणाली, "ह्यांचं पत्र न्हाई म्हैनाभर. लढाईत कुठलं टपाल म्हणा."

"व्हय की," चाची म्हणाली आणि खाली बघून तेल चोळू लागली. नेहमीच्या मापाचा जोड तिनं बाजूला सारला आणि मोठ्या मापाचा उचलला. उद्या आळीतल्या बाया यायच्या आणि या बांगड्या फोडायला बसायच्या. सैल असल्या तर निदान काच तरी रुतायची नाही पोरीला.

"चाची, सैल हायत या."

"आता अंगावर सूज यील बाई. मग घट्ट हुत्यात."

चंद्रानं मान डोलावली. बांगड्या भरून झाल्या. भरून झालं की बाईनं भरणारीच्या पाया पडायचं आणि तिनं 'चुडा अखंड राहू दे' म्हणायचं, ही तिकडची रीत. त्यात हिंदू-मुसलमान कुणी बघत नाही. चंद्रानं बसल्या जागी वाकून चाचीच्या पायांना हात लावला.

चाचीनं तोंड उघडलं. हजार वेळा म्हटलेले शब्द. खोटं बोलली असती एक वेळ, पण आशीर्वाद खोटा कसा देणार? शेवटी म्हणाली, "जपून ऱ्हा, पोरी. पोटातल्याला जप."

चंद्राचे हात पायांवरच राहिले. मग तिनं हळूच वर बघितलं.

"कवा?" तिनं विचारलं.

"सोमवारी तार आली," चाची म्हणाली, आणि तिचे डोळे वाहायला लागले.

चंद्रानं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. दुसरा हात पोटावर होता. अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "रडू नगा. मामंजी भाईर हायत. मला कळलंय हे त्यास्नी कळलं तर ते हातरूण धरतील. उद्या आय यीस्तवर दम धरायचा. तुमी बी आन् मी बी."

चाची पदरानं तोंड पुसून बाहेर आली. हिंदुराव पायरीवर बसले होते.

"कळलं न्हाई न्हवं तिला?"

"न्हाई, आबा."

म्हाताऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि पटक्याच्या टोकात तोंड खुपसलं. आवाज न करता तो रडत होता. तेवढ्यात आतून हाक आली, "मामंजी, चाचीला च्या ठिवू का?" आवाज नेहमीचा होता.

"ठिव की, पोरी," त्यांनी गळा साफ करून सांगितलं.

चाचीला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण ती बसली. चंद्रानं तीन कपबशा आणल्या. हिंदुराव म्हणाले, च्या झ्याक झालाय. चाचीही तेच म्हणाली. चंद्रा साखर घालायची विसरली होती.