कोरड्या भिंतीसाठी पात्र माणूस

आमच्या घरातलं कुठलंही काम पात्र माणसाच्याच हातून होतं, असा मी नियम केला आहे. सरकारी कचेरीत दुसऱ्यांची प्रमाणपत्रं तपासण्यात बावीस वर्षं गेली, की माणसाचा कागदाशिवाय कशावर विश्वास उरत नाही.

गोंदियाला लागून फुलचुरात आमचं घर आहे. त्यातली मागची खोली मी बाबांसाठी राखून ठेवली होती. आई गेल्यापासून बाबा गावी, सौंदडला, एकटेच राहत होते, त्यात दम्याचा त्रास. त्यांनी आमच्याकडे यावं म्हणून मी सारखा मागे लागलो होतो. मागच्या हिवाळ्यात ते एकदाचे आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी खोलीच्या भिंतीला तळहात लावला आणि म्हणाले, "इथं पाणी बसून राह्यलं." दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते परत गेले. मला फार वाईट वाटलं.

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पणजोबांनी मातीची पार, म्हणजे बांध, घालून अख्ख्या गावाचं पाणी अडवलं, आणि त्यांच्या पणतूला एका भिंतीतली ओल आवरेना! प्लंबरनं नळ पाहिले, गवंड्यानं गच्ची पाहिली, काही सापडलं नाही. मी दोनदा रंग दिला, तो दोन्ही वेळा पापुद्रे होऊन खाली आला.

मग मोबाइलवर मला उपाय सापडला. ओल्या भिंतीपुढे पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभारायचा, त्यावर जिप्समचे बोर्ड बसवायचे, की झाली नवी कोरडी भिंत. ओल जिथल्या तिथंच राहते, फक्त दिसत नाही. (कचेरीतले बरेच प्रश्न आम्ही असेच सोडवतो.)

"पण पाणी कुठून येऊन राह्यलं, ते काऊन नाही पाहात तुमी?" सुनंदानं विचारलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती फार मुळाशी जाते. मी तिला म्हटलं, आधी पात्र ठेकेदार शोधू.

तिघांना मी कागद नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. चौथा आला धनलाल. त्याच्याकडे याच कामाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, तेही लॅमिनेट केलेलं. मी ते उजेडात धरून शिक्का तपासला, त्याची जन्मतारीख विचारली, बोर्डांचे प्रकार विचारले. ओलीच्या जागी हिरवा बोर्ड लावतात, हे त्यानं न अडखळता सांगितलं. मी खूश झालो. मग त्यानंही भिंतीला हात लावला.

"साहेब, पहले पाणी शोधा. अंदर ओल ठेवून बोर्ड लावला त् फुगते."

मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. शिकलेला माणूस हवा हा हट्ट माझा, आणि त्यानं शिकल्यासारखं बोलू नये हाही माझाच!

काम सुरू झालं आणि एका खिळ्यापाशी अडलं. दोन वर्षांपूर्वी पाणीबचतीच्या घोषवाक्य स्पर्धेत मला आमच्या कचेरीत पहिलं बक्षीस मिळालं होतं. 'गळका नळ, घराचा छळ' हे घोषवाक्य माझंच. (स्पर्धक दोन होते.) त्याची फ्रेम लावायला मी स्वतःच्या हातानं या भिंतीत सहा इंची खिळा ठोकला होता. धनलाल म्हणे, खिळा काढू. मी म्हटलं, जीव गेला तरी काढायचा नाही, फ्रेम जिथं होती तिथंच लागली पाहिजे. बिचाऱ्यानं बोर्डाला भोक पाडून खिळ्याचं डोकं बाहेर घेतलं आणि मान हलवत पुट्टी फासली.

रंग वाळल्यावर मी सौंदडला जाऊन बाबांना घेऊन आलो. त्यांनी भिंतीला हात लावला. कोरडी! मग बोटानं ठोकून पाहिली. ढब ढब आवाज आला.

"पोटात काही नाही हिच्या," ते म्हणाले, पण लगेच परत निघाले नाहीत. त्यांनी खिळ्यावरची माझी फ्रेम काढून पलंगावर ठेवली, तिथं आपला खांद्यावरचा दुपट्टा अडकवला आणि जेवायला आले. मला वाटलं, जिंकलो.

जेवून उठल्यावर खोलीतून आवाज आला, "माहा दुपट्टा कोणं ओला केला?"

आम्ही गेलो. बाबा खिळ्याजवळ नाक नेऊन उभे होते. खिळ्याच्या डोक्याला एक थेंब लोंबत होता.

"खिळ्याले घाम येऊन राह्यला रे. याच्या मांगं पाइप आहे. पहिले टाकीचा कॉक बंद कर. खिळ्याले हात नोको लावू."

आता बाबांना शहरातल्या भिंतींचं काय कळतं? मी पक्कड आणली. "बाबा, हा नुसता दमटपणा आहे," असं म्हणत मी खिळा उपसला.

तलावातलं पाणी शेतात सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते उघडल्यावर पाणी कसं सुटतं, हे मी लहानपणी दुरून पाहिलं होतं. या वेळी जवळून पाहिलं. पहिली धार माझ्या चष्म्यावर आणि दुसरी, मी खाली वाकल्यामुळे, सुनंदावर. ती तशीच कॉक बंद करायला गच्चीकडे धावली. बाबांनी शांतपणे पुढे होऊन भोकात अंगठा घातला आणि नखशिखांत भिजलेले तसेच उभे राहिले.

सुनंदा परत आली तेव्हा धारेनं पलंगावरून खाली पडलेली फ्रेम पाण्यावर तरंगत पलंगाखाली निघाली होती. तिनं ती उचलली, पदरानं पुसली आणि मोठ्यानं वाचली, "गळका नळ, घराचा छळ."

बाबा हसायला लागले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, पण चेहरा आधीच ओला असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"राहतो मी इथं," बाबा म्हणाले. "तुह्या भरोशावर पाणी सोडून जाता येत नाही."

मग प्लंबरनं पाइप बदलला, आम्ही भिंत वाळू दिली आणि धनलालनं नवा बोर्ड लावला. जाताना त्यानं माझ्याकडून भिंतीत पुन्हा खिळा न ठोकण्याचं वचन घेतलं, म्हणजे सुनंदानं त्याला घ्यायला लावलं. हातोडी आता बाबांच्या ट्रंकेत असते, कुलपात. परवा मला कॅलेंडर लावायचं होतं, म्हणून गमतीनं मी रीतसर लेखी अर्ज केला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली पेन्सिलीनं शेरा मारला: माणूस पात्र नाही.